विनिपेगचा बर्फ आणि फारसे कुणी न पाहिलेले सिनेमे

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. सिनेमाचा अभ्यास वगैरे माझा नाही. रात्री ओटा आवरून झाला की तासभर काहीतरी बघायचं, एवढंच. पण गेल्या चार महिन्यांत जे बघितलं त्याबद्दल बोलायला घरात कुणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

मुलगा ऑगस्टमध्ये विनिपेगला शिकायला गेला. बडोद्यातून कॅनडाला जाणाऱ्या मुलांना तोटा नाही, आमच्याच सोसायटीतली तिघं गेलीत, पण ती सगळी टोरंटोच्या बाजूला. विनिपेग म्हटलं की नातेवाईक विचारतात, हे कुठे आलं? मॅनिटोबा प्रांतात, दोन नद्यांच्या संगमावर. हिवाळ्यात उणे तीस. फोनवर मुलगा सगळ्याला 'मस्त' म्हणतो. जेवलास का, मस्त. थंडी कशी आहे, मस्त. मग तो राहतो ते गाव दिसतं तरी कसं, हे बघायला मी सिनेमे शोधायला लागले.

पहिला सापडला गाय मॅडिनचा 'माय विनिपेग', २००७ चा. बराचसा काळा-पांढरा. आगगाडीत एक माणूस पेंगतोय, त्याला हे गाव कायमचं सोडायचंय आणि गाडी काही गावाबाहेर पडत नाही. मागून दिग्दर्शक स्वतःच बोलत राहतो. पहिली वीस मिनिटं मला काही लागेना. मग तो प्रसंग आला. या गृहस्थाने आपलं लहानपणीचं घर महिनाभर भाड्याने घेतलंय, भावंडांच्या जागी नट उभे केलेत, आईच्या जागी जुन्या काळातली नटी ॲन सॅव्हेज, आणि घरातले जुने प्रसंग पुन्हा लावून बघतोय. त्यातला एक प्रसंग म्हणजे बोळातली लांब सतरंजी सरळ करणं. बस, एवढंच. एकाने इकडून ओढायची, दुसऱ्याने तिकडून, आणि तरी ती कुठेतरी वाकडी राहतेच.

आमचं दांडिया बाजारातलं घर जाऊन बारा वर्षं झाली. तिथे आता चार मजली इमारत आहे. गच्चीवर पापड घालायच्या आधी सासूबाई जुनी चादर अंथरायच्या. दोन टोकं माझ्या हातात, दोन त्यांच्या. 'ओढ. अजून ओढ. ती बघ मधे सुरकुती राहिली.' सुरकुती राहिली तर पापड एका बाजूने वाळतो, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा मनात चरफडायची. सिनेमा थांबवून किती वेळ बसून होते कोण जाणे. ते घर मला कुणी महिनाभर दिलं तर मी हाच प्रसंग परत लावीन.

दुसरा मॅथ्यू रँकिनचा 'युनिव्हर्सल लँग्वेज', २०२४ चा. यातल्या विनिपेगमध्ये सगळे फारसी बोलतात. का, ते सांगितलेलंच नाही. पाट्या फारसीत, टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानात समोवारातला चहा. वर्गातल्या एका मुलाचा चष्मा टर्की कोंबड्याने पळवलाय. दोघी बहिणींना बर्फात गोठलेली नोट दिसते. ती निघाली तर त्याला नवा चष्मा घेता येईल. पण निघणार कशी? हे एवढंच घेऊन पोरी अख्खं गाव पालथं घालतात. बऱ्याच जणांना हा सिनेमा विचित्र वाटला म्हणे. मला यात विचित्र काहीच दिसलं नाही. आम्ही खंडेराव मार्केटात 'भींडा केटलाना?' विचारतो आणि घरी येऊन पोराला 'चपला बाहेर काढ' म्हणतो. गावाची भाषा एक आणि घराची दुसरी, यात आमचा जन्म गेला.

तिसरा 'अवे फ्रॉम हर', २००६, सारा पॉलीचा. ॲलिस मन्रोच्या कथेवरचा. चाळीसेक वर्षांचा संसार झालेलं जोडपं, बायकोला विसरायला होऊ लागतं. ती तवा घासून, पुसून, शांतपणे फ्रीझरमध्ये ठेवून देते आणि निघून जाते. नवरा काही बोलत नाही, तवा काढून जागेवर ठेवतो. पुढे ज्या संस्थेत तिला ठेवतात तिथला नियम असा की पहिले तीस दिवस घरच्यांनी भेटायचं नाही. तीस दिवसांनी तो फुलं घेऊन जातो, तर ती दुसऱ्याच एका आजारी माणसाची सेवा करण्यात गुंतलेली. हा सिनेमा केला तेव्हा दिग्दर्शिका सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती, याचं मला फार आश्चर्य वाटतं. त्या वयात मला साठीतल्या माणसांचं मन कळत नव्हतं.

तुम्ही असे, फारसे कुणी न पाहिलेले सिनेमे बघितले असतील तर सांगा. कॅनडाचेच हवेत असं नाही, पण तिकडचे असले तर मला जास्त आवडेल.

मांडवीकर

छान लिहिलंय ताई. 'माय विनिपेग'बद्दल एक गोष्ट. त्यात खरं आणि रचलेलं इतकं बेमालूम मिसळलंय की बघणारा फसतो. नदीत गोठून मेलेले घोडे आणि बर्फातून वर आलेल्या त्यांच्या मुंडक्यांमधून फिरायला जाणारी जोडपी आठवतात? ते मॅडिनने रचलेलं. आणि नाझी सैनिक गाव ताब्यात घेतात तो भाग? तो खरा! १९ फेब्रुवारी १९४२ ला युद्धकर्जाचे रोखे खपावेत म्हणून विनिपेगमध्ये खोटं जर्मन आक्रमण घडवून आणलं होतं. गणवेश घातलेली माणसं रस्त्यावर, पुढाऱ्यांना अटक, सगळं साग्रसंगीत. त्याला 'इफ डे' म्हणतात.

सुरसागरकाठ

अगदी उलटं धरून बसले होते मी! घोडे खरे आणि नाझी खोटे. मुलाला घोड्यांबद्दल विचारलं होतं. त्याने तिथल्या एका आजोबांना विचारलं, ते नुसते हसले म्हणे. आता कळलं का ते.

फळा_खडू

मी शिक्षिका आहे, त्यामुळे माझं मत एकाच सिनेमापुरतं. फिलिप फालार्दोचा 'मस्यू लाझार', २०११. मॉन्ट्रियलची शाळा. एका बाईंनी वर्गातच गळफास घेतलेला असतो आणि मधल्या सुट्टीतलं दूध घेऊन आलेल्या मुलाला ते दिसतं. त्यांच्या जागी अल्जीरियाहून आलेले लाझार येतात. पहिल्याच दिवशी अर्धवर्तुळात मांडलेली बाकं ओळीत लावतात आणि बाल्झाकचा उतारा शुद्धलेखनाला घालतात. पोरांना एक शब्द झेपत नाही.

शाळेचा नियम असा की मुलांना हात लावायचा नाही. मारायचं तर नाहीच, जवळही घ्यायचं नाही. आणि झालेल्या मृत्यूबद्दल वर्गात बोलायचं नाही, ते काम मानसशास्त्रज्ञांचं. आता सांगा, दहा-अकरा वर्षांचं पोर रडतंय, तुम्ही तीन फुटांवर उभे आहात आणि हात मागे बांधलेत. आमच्याकडेही गेल्या काही वर्षांत हे येऊ लागलंय. नियम का आले ते मला ठाऊक आहे, मुलांच्या भल्यासाठीच आले, आणि ते हवेतच. तरी गेल्या पावसाळ्यात मैदानात एक मुलगी घसरली, हनुवटी फुटली, मी तिला उचलायला वाकले आणि क्षणभर थांबले. तो थांबलेला क्षण मला अजून टोचतो. लाझार सरांच्या चेहऱ्यावर तोच क्षण आहे. फेलाग नावाच्या नटाने काम केलंय. पुढे कळतं की लाझार मुळात शिक्षक नव्हतेच, शिक्षिका होती त्यांची बायको. ती आणि मुलं कशी गेली, ते सिनेमातच बघा. शेवटी एक मिठी आहे. मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तिथे डोळे भरून आले.

अलकापुरी_८४

धागा चांगला आहे, पण मनापासून विरुद्ध मत लिहितो. मकरपुऱ्याहून कामावरून घरी यायला मला साडेआठ होतात. जेवून बसलं की दोन तास बर्फ बघायचा धीर नसतो. कुणीतरी सांगितलं म्हणून 'अतानारजुआत' लावला. चाळीस मिनिटं झाली तरी कोण कुणाचा भाऊ आणि कोण कुणाची बायको हे कळेना. सगळ्यांच्या अंगात फरचे कपडे, चेहरे ओळखू येत नाहीत. बंद केला. सिनेमा थोर असेल, पण थोर सिनेमाने प्रेक्षकाचा हात धरायला नको का? आपले जुने सिनेमे पहिल्या दहा मिनिटांत सगळी ओळख करून द्यायचे.

कलाभवन

अलकापुरी, तुमची अडचण मी समजू शकतो, मीही पहिल्यांदा तिथेच अडकलो होतो. पण चाळीस मिनिटांवर सोडलात, फार लवकर सोडलात.

झकारियास कुनुक हा दिग्दर्शक कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या इग्लूलिक गावचा. इनुइट लोकांची इनुक्टिटुट भाषा, आणि त्या भाषेत लिहिलेला, केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, २००१. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून दंतकथा ऐकून, टिपून पटकथा उभी केली. कान्समध्ये पहिल्या चित्रपटासाठीचा 'कॅमेरा दॉर' मिळाला. नुनावुत हा त्यांचा प्रदेश वेगळा झाला १ एप्रिल १९९९ ला, म्हणजे प्रदेश आणि सिनेमा जवळपास बरोबरच जन्माला आले. २०१५ मध्ये टोरंटोच्या महोत्सवाने समीक्षक आणि जाणकारांकडून कॅनडाचे सर्वोत्तम सिनेमे निवडून घेतले, त्यात हा पहिला. त्याआधीच्या तिन्ही वेळी पहिला यायचा क्लोद ज्युत्राचा 'मोन आँक्ल आँत्वान'.

बघायचा कसा, ते सांगतो. पावणेतीन तासांहून थोडा जास्त आहे, दोन रात्रीत बघा. पहिला अर्धा तास नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, घरात बघा. दिव्यात चरबी कशी पेटते, मांस कसं कापतात, कोण कुठे झोपतं. आपण नव्याने लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या सासरी गेलो की पहिल्या दिवशी नाती कुठे कळतात? दुसऱ्या दिवशी आपोआप कळतात. मग ती धाव येते. मारेकरी तंबू पाडून भाले खुपसतात, भाऊ मरतो, आणि अतानारजुआत अंगावर एक कपडा नसताना समुद्रावरच्या बर्फावरून पळत सुटतो. अनवाणी. पाय सोलून रक्ताचे ठसे उमटतात. नट खरोखर बर्फावर पळालाय. आणि सिनेमा संपला तरी उठू नका, श्रेयनामावलीत चित्रीकरण कसं केलं ते दाखवतात. मघाची शेकडो वर्षांपूर्वीची माणसं आजच्या कपड्यांत कॅमेरे सांभाळताना दिसतात. मला तो सिनेमाइतकाच महत्त्वाचा भाग वाटतो.

अलकापुरी_८४

दोन रात्रींचं पटलं. पुढच्या शनिवार-रविवारी परत लावतो.

कमाटीबाग

'द स्वीट हियरआफ्टर'. ॲटम इगोयान, १९९७. कान्सचा ग्राँ प्री मिळालेला. मी तो फेब्रुवारी २०२४ मध्ये पाहिला, आणि बडोदेकरांना तो महिना वेगळा सांगायला नको. १८ जानेवारीला हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. विषय माहीत असता तर मी तेव्हा तो लावलाच नसता.

डोंगराळ भागातलं लहान गाव. शाळेची बस रस्ता सोडून गोठलेल्या तळ्यावर जाते. दिग्दर्शकाने तो प्रसंग लांबून दाखवलाय, मागून आपल्या गाडीने येणाऱ्या बापाच्या नजरेतून. बस बर्फावर थांबते. वाटतं, वाचली. मग बर्फ फुटतो. कुठलंही संगीत नाही. मी टीव्ही बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो आणि अर्ध्या तासाने परत येऊन पुढचा भाग पाहिला.

एक वकील गावात येतो, दारोदार फिरतो. त्याचं म्हणणं, अपघात असं काही नसतंच, कुणाचीतरी चूक असते, आपण खटला भरू. त्याचं स्वतःचं दुःख वेगळंच आहे, मुलगी नशेच्या आहारी गेलेली. ज्यांना अजून बघायचाय त्यांनी यापुढचा परिच्छेद सोडा.

बसमधून वाचलेली, आता चाकाच्या खुर्चीत असलेली मुलगी साक्षीत मुद्दाम खोटं बोलते आणि खटला कोसळतो. तिची भूमिका सारा पॉलीनेच केलीय, ताईंनी वर लिहिलेल्या सिनेमाची दिग्दर्शिका. सिनेमाचा कल असा की खटला मोडला म्हणून गाव पुन्हा गाव होऊ शकलं. इथे मी दिग्दर्शकाबरोबर जाऊ शकत नाही. बर्फाळ वळणावर घसरलेली बस ही एक गोष्ट झाली. आपल्याकडे बोटीत जास्त माणसं बसवली होती आणि सगळ्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेटं नव्हती. तिथे दोष कुणाचा हे विचारलंच पाहिजे, त्याने गाव फुटलं तरी विचारलं पाहिजे. सिनेमा मोठा आहे, अतिशय मोठा. पण त्याचं उत्तर मला मान्य नाही.

फळा_खडू

कमाटीबाग, तुमचा शब्दन् शब्द पटला. त्यानंतर आमच्या शाळेची पुढची सहल निघाली तेव्हा प्रत्येक आईने विचारलं, पाण्याजवळ जाणार का? मी हा सिनेमा बघणार नाही, पण लिहिल्याबद्दल आभार.

मोतीबाग

जरा मोकळं वाटावं म्हणून एक सांगतो. 'ला ग्रांद सेदुक्सिओं', २००३, जाँ-फ्रांस्वा पुलियो. क्वेबेकच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं लहानसं गाव. मासे संपले, सगळे सरकारी मदतीच्या चेकवर जगतात, चेकसाठी रांग लावताना माना खाली. एक कारखाना यायला तयार आहे, पण गावात कायमचा डॉक्टर हवा ही अट. मॉन्ट्रियलचा एक तरुण डॉक्टर महिनाभरासाठी हाती लागतो. त्याला क्रिकेटचं वेड! मग ज्यांनी जन्मात बॅट धरली नाही असे कोळीबुवा पांढरे कपडे घालून किनाऱ्यावर क्रिकेट खेळायला उभे राहतात. स्टंप कशाला असतात हेही त्यांना ठाऊक नसतं.

माझं लहानपण मोतीबागेच्या मैदानाबाहेर गेलं. विजय हजाऱ्यांचं गाव हे, इथे पोर चालायला लागलं की बॅट मागतं. त्यामुळे त्या म्हाताऱ्यांची बॅट धरायची पद्धत बघून मी पोट धरून हसलो. पण पुढे पुढे हसू येईना. ते त्याचा फोन चोरून ऐकतात, त्याच्या गळाला गोठवलेला मासा लावतात, रोज त्याला सापडावी म्हणून नोट टाकून ठेवतात. हे सगळं कशासाठी, तर सकाळी उठून कामावर जाता यावं म्हणून. त्या मानाने हे खोटं मला खोटं वाटतच नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांतलं प्रेक्षकांचं पारितोषिक यालाच मिळालं. घरातल्या सगळ्यांना घेऊन बघण्यासारखा.

राजवाडा

इंदूरहून नमस्कार. हे सिनेमे आपल्यापर्यंत येत नाहीत याचं एक कारण असं की ते कॅनडाच्याच थिएटरांत मुश्किलीने लागतात. हॉलिवूडवाले तिकीटखिडकीचा हिशेब मांडताना कॅनडाला घरच्याच बाजारात धरतात, परदेश म्हणून मोजतच नाहीत. क्वेबेकचं बरं आहे, फ्रेंच भाषेमुळे त्यांचे नट, त्यांचे प्रेक्षक टिकून आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या भागाला तो आडोसाही नाही. इंदुरात मराठी सिनेमाचं जे होतं ते बघता मला हे लगेच समजलं. नाटकाला हॉल भरतो, सिनेमा मात्र पुण्या-मुंबईला पाहून या.

ज्यांना दोन तास नाहीत त्यांनी नॅशनल फिल्म बोर्डाच्या लहान फिल्मांपासून सुरुवात करा. १९३९ पासूनची सरकारी संस्था, त्यांच्या संकेतस्थळावर कितीतरी फिल्मा फुकट आहेत. 'अ चेअरी टेल', १९५७, नॉर्मन मॅक्लारेन. एक खुर्ची, एक माणूस. खुर्ची त्याला बसू देत नाही. दहा मिनिटं, एक शब्द नाही, आणि संगीत पंडित रविशंकरांचं, तबल्यावर चतुरलाल! तो माणूस झालेत वर उल्लेख आलेले ज्युत्रा. 'द स्वेटर', १९८०. क्वेबेकच्या खेड्यातला पोरगा, त्याला मॉन्ट्रियलच्या हॉकी संघाचा स्वेटर हवा, आई पत्र लिहून मागवते आणि पेटीत निघतो टोरंटोचा. 'द मॅन हू प्लँटेड ट्रीज' हीसुद्धा बोर्डाचीच, १९८७ ची, ऑस्कर मिळालेली.

कलाभवन

एक दुरुस्ती. ती फ्रेडरिक बॅकची फिल्म बोर्डाची नाही, रेडिओ-कॅनडाची. बाकी सगळं बरोबर. आणि दीपा मेहतांचा 'वॉटर' कुणी कसा नाही काढला? हिंदी सिनेमा, पण ऑस्करला गेला कॅनडाकडून आणि नामांकनही मिळालं. २००० मध्ये वाराणसीत विरोध करणाऱ्यांनी सेट मोडून टाकले, मग काही वर्षांनी श्रीलंकेत वेगळ्या नावाखाली चित्रीकरण केलं. आठ वर्षांच्या बालविधवेचं काम केलेली मुलगी श्रीलंकेची, तिला हिंदी येत नव्हतं, संवाद नुसते उच्चार पाठ करून म्हटलेत. सीमा बिस्वासचं काम बघाच.

राजवाडा

दुरुस्तीबद्दल आभार. आणि 'वॉटर' राहिलाच होता.

मांडवीकर

थिएटरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या वर्षी इथल्या एका मल्टिप्लेक्समध्ये एक मराठी सिनेमा लागला. एकच खेळ, कामाच्या दिवशी सकाळी दहाचा. आम्ही सतरा जण गोळा केले, दोघांनी रजा टाकली. गेलो तर तिकीटखिडकीवर म्हणाले, खेळ रद्द, गर्दी नाही. सतरा माणसं समोर उभी होती. ज्या गावातल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, त्या गावात ही गोष्ट. त्या दिवशी आम्ही सेव-उसळ खाऊन घरी आलो, पण मला ते अजून लागून आहे.

सुरसागरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत सगळी नावं उतरवून घेतलीत. 'द स्वेटर' लगेच पाहिला. कमाटीबाग, तुमचा सिनेमा मी आत्ता नाही बघणार, पोर लांब आहे.

एक सांगायचं राहिलं. परवा रविवारी मुलाला म्हटलं, चल, एक सिनेमा आपण दोघं एकाच वेळी लावू. इथे संध्याकाळचे साडेसात, तिथे सकाळचे आठ. व्हिडिओ कॉल चालू ठेवून 'युनिव्हर्सल लँग्वेज' लावला. माझा दुसऱ्यांदा, त्याचा पहिल्यांदा. बराच वेळ तो गप्प होता, मला वाटलं कंटाळला. मग त्या पोरी बर्फातून चालत निघाल्या आणि तो एकदम म्हणाला, 'आई, थांब. दहा सेकंद मागे घे. चित्र नको बघू, नुसता आवाज ऐक.'

मागे घेतलं. बुटाखाली बर्फ करकरतो, तसा आवाज. पहिल्या वेळी माझ्या कानात शिरलाच नव्हता.

'थंडी वाढली की असाच वाजतो,' तो म्हणाला. 'मी रोज पहाटे बसस्टॉपवर जातो ना, तेव्हा रस्त्यावर कुणी नसतं. हाच एक आवाज असतो. पहिल्या आठवड्यात फार भीती वाटायची.'

भीतीचं हे मला चार महिन्यांत पहिल्यांदा कळलं. मग आम्ही सिनेमा तिथेच थांबवला आणि बोलत बसलो. उरलेला येत्या रविवारी बघणार आहोत. 'ला ग्रांद सेदुक्सिओं' त्यानंतर. मोतीबाग, त्याची इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत कुठे मिळेल ते सांगाल का?